‘फिरंगी’ म्हणजे नेमका कुठला? शिंद्यांच्या तोफखान्यातल्या आमच्या मूळपुरुषाचा मुलूख

लष्करची लेक | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. माझ्या आईचं माहेर ग्वाल्हेरचं, तिथल्या लष्कर या भागातलं. घरात मराठी बोलतात, नाताळात करंज्या-अनारसे होतात, आणि धर्म कॅथलिक. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं, आम्हाला कधी वाटलं नाही. आमचा मूळपुरुष दौलतराव शिंद्यांच्या तोफखान्यात गोलंदाज होता. लष्कर वसलं तेव्हा तिथे घर बांधून राहिलेल्या पहिल्या लोकांतला एक. एका मराठा बारगिराच्या, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या स्वाराच्या, मुलीशी त्याने लग्न केलं. मुलं आजोळी वाढली, म्हणून घराची भाषा मराठी झाली. एवढं सगळ्यांना मान्य आहे.

वाद आहे तो पुढचाच. हा माणूस आला कुठून?

आजी सांगायची, "आपण फरासीस." मामांनीही आयुष्यभर तेच सांगितलं. धाकट्या मावशीचं म्हणणं, आपण गोव्याचे, आजीला गोवा सांगायला कमीपणा वाटायचा म्हणून ती फरासीस म्हणायची. भोपाळच्या मामेभावाचं तिसरंच, आर्मेनियन.

हाती दोनच वस्तू आहेत. एक मोडी कागद, पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेला. पंचवीस वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी तो वाचून "फिरंगी गोलंदाज इसम १" एवढं सांगितलं होतं. साल अर्बा मयातैन, म्हणजे १८०३-०४, असंही म्हणाले होते. दुसरी वस्तू म्हणजे थडग्याचा दगड. आपल्याकडचाच वाळूचा दगड, त्याचा वरचा पापुद्रा जागोजाग सुटलाय. पहिल्या दोन ओळी आणि शेवटची ओळ बऱ्यापैकी लागतात. तिसऱ्या ओळीत रोमन लिपीतली एन, ए, टी, व्ही ही अक्षरं दिसतात, मग दगड गेलाय, आणि ओळीच्या टोकाला डी, आय, ए, ई. एन-ए-टी-व्ही म्हणजे ‘नेटिव्ह’ असं आम्ही आजवर समजत आलो.

मामा आता ७८ वर्षांचे आहेत. या नाताळात म्हणाले, "सुमे, मी आहे तोवर लाव एकदा छडा." म्हणून इथे आले. नाव-आडनाव देत नाही, मामांची तशी इच्छा आहे. कुणाला यातलं काही कळत असेल तर कृपया सांगा.

छत्रीबाजार | रविवार, रात्री ९:४०

ताई, मी पण लष्करचाच. कंपू भागात आमचं जुनं घर. लहानपणी ‘कंपू’ हे नुसतं मोहल्ल्याचं नाव वाटायचं. शिंद्यांच्या कवायती पलटणींच्या ब्रिगेडला कंपू म्हणत, हे फार उशिरा कळलं. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

मोडीप्रेमी | रविवार, रात्री ११:०५

ताई, आधी त्या कागदाच्या सालाच्या ओळीचा जवळून फोटो टाका. अर्बा आणि मयातैन यांच्या मधे काही आहे का ते मला बघायचंय.

तोवर ‘फिरंगी’ शब्दाबद्दल. आपल्या जुन्या कागदांत टोपीकरांची, म्हणजे युरोपियनांची, नावं मोघम नसत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार अशी वेगवेगळी मोजली आहेत. वलंदेज म्हणजे डच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे, फरासीस म्हणजे फ्रेंच, आणि फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. वसईकडच्या त्यांच्या मुलखाला फिरंगाण म्हणत. शब्दाचं मूळ मात्र ‘फ्रँक’, जे फ्रान्सच्या नावाचंही मूळ आहे. फारसीतून तो इकडे आला आणि कोकणात आधी पोर्तुगीजच भेटले म्हणून त्यांना चिकटला.

अडचण अशी की उत्तरेत, हिंदी-फारसी बोलीत, फिरंगी म्हणजे कुठलाही गोरा. तेव्हा तुमचा कागद लिहिणारा कारकून दक्षिणी वळणाचा होता की हिंदुस्थानी, यावर अर्थ बदलतो. वळण बघूनच सांगता येईल.

सयाजीगंज | सोमवार, सकाळी ७:३०

बडोद्याहून नमस्कार. घरातले शब्द तपासलेत का? आजी-पणजीच्या तोंडी काही वेगळे शब्द असतील तर ते मुलखाचा पत्ता सांगतात.

लष्करची लेक | सोमवार, सकाळी १०:१५

फोटो टाकलाय, मोडीप्रेमी. कागद उलगडताना घडीवर तडकला, म्हणून जास्त उघडला नाही.

सयाजीगंज, मावशीचा सगळा भर शब्दांवरच आहे. आजी नाताळ म्हणायची, चावी म्हणायची, पिंप म्हणायची, आणि हे सगळे पोर्तुगीज शब्द आहेत, असं ती सांगते.

पणजीकर | सोमवार, दुपारी १:२०

ताई, शब्दांवर जाऊ नका. नाताळ, चावी, पिंप, पगार, घमेलं, लिलाव, बटाटा, पाव, हे सगळ्या मराठी मुलखाचेच शब्द झालेत. कधी समुद्र न पाहिलेला विदर्भातला माणूसही पगारच म्हणतो. त्यावरून तुमच्या आजीचा गोवा सिद्ध होत नाही.

आडनावावरही जाऊ नका. गोव्यात धर्मांतराच्या वेळी धर्मपित्याचं किंवा पाद्रीचं आडनाव मिळायचं. त्यामुळे एकच पोर्तुगीज आडनाव लिस्बनहून आलेल्या शिपायाचं असतं, मिश्र घराण्याचं असतं आणि सासष्टीतल्या गावकाराचंही असतं.

मोडीप्रेमी | सोमवार, रात्री १०:४८

ताई, फोटो बघितला. दोन गोष्टी सांगतो, दोन्ही महत्त्वाच्या.

पहिली. साल चुकीचं वाचलं गेलंय. ओळ "अर्बा मयातैन व अलफ" नाही. अर्बाच्या पुढे घडीची रेघ गेलीय, तिच्याखाली ‘अशर’ आहे. ‘श’चं पोट आणि ‘र’ स्पष्ट दिसतो. म्हणजे अर्बा अशर मयातैन व अलफ. चार, दहा, दोनशे, हजार. जुन्या मराठी कागदांतलं सुहूर सन १२१४. त्यात ५९९ मिळवा, मृगाला सुरू झालेलं १८१३-१४ येतं. आधी सांगितलेलं १२०४ नव्हे. एका शब्दाने दहा वर्षांचा फरक पडला. याला दुजोरा त्याच कागदात आहे. खाली "मुकाम लष्कर नजीक ग्वालेर" असं आहे. दौलतरावांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली कायमचा पडला तो १८१० च्या सुमारास. १८०३-०४ मध्ये दौलतराव दक्षिणेत लढाईत आणि तहात गुंतले होते, ग्वाल्हेरचा किल्लाही हातचा जाण्याच्या बेतात होता. ते साल या मुकामाशी जुळलंच नसतं.

दुसरी. कारकून दक्षिणी आहे. वळण पुणेरी दफ्तराचं, ‘दरमहा’ आणि ‘बेरीज’ लिहायची पद्धत अगदी पेशवाई. आणि त्याच यादीत वरच्या ओळीत, फोटोत निम्माच आलाय, "फरासीस" हा शब्द आहे, त्याच्यापुढे "बरतर्फ". म्हणजे या कारकुनाला फरासीस आणि फिरंगी हे दोन वेगळे लोक म्हणून माहीत होते, आणि तुमच्या पूर्वजाला त्याने फिरंगी लिहिलं.

लष्करची लेक | सोमवार, रात्री ११:३०

मोडीप्रेमी, वाचून अंगावर काटा आला. ती वरची ओळ आमच्यापैकी कुणी कधी बघितलीच नव्हती. आम्ही फक्त ‘आपल्या’ ओळीवर बोट ठेवत होतो. बरतर्फ म्हणजे काढून टाकलेला ना? का काढलं असेल?

बाड्यावरचा | मंगळवार, सकाळी ६:५०

याचं उत्तर सुर्जी-अंजनगावच्या तहात आहे. ३० डिसेंबर १८०३. असई आणि लासवारीच्या पराभवांनंतर दौलतरावांनी तो केला. त्यातलं एक कलम असं की शिंद्यांनी कुणाही फ्रेंच माणसाला, किंवा इंग्रजांशी ज्यांचं युद्ध चालू आहे अशा कुठल्याही युरोपीय वा अमेरिकी सत्तेच्या प्रजाजनाला, नोकरीत घ्यायचं नाही आणि ठेवायचंही नाही. इंग्रजांची प्रजाही त्यांच्या परवानगीशिवाय नाही.

आता ही तारीख नकाशावर ठेवून बघा. १८०३ ते १८१४ फ्रान्स आणि इंग्लंडचं युद्ध चालूच होतं. हॉलंड फ्रान्सच्या बाजूला. उत्तर इटली नेपोलियनच्या हाताखाली. साव्हॉय १७९२ पासूनच फ्रान्सने गिळलेलं. म्हणजे फरासीस, वलंदेज, मिलानचा, साव्हॉयचा, यांपैकी कुणीही उघडपणे चाकरीत राहू शकत नव्हता. राहू शकत होता तो पोर्तुगालचा माणूस. पोर्तुगाल इंग्रजांचा जुना दोस्त, गोव्यात तर १७९९ ते १८१३ इंग्रजांची फौजच बसली होती.

म्हणून मोडीप्रेमींचं वाचन बरोबर असलं तरी मी एवढ्यावर थांबणार नाही. १८१३-१४ साली ग्वाल्हेरच्या तोफखान्यात पोट भरायचं असेल तर फ्रेंच माणसानेही स्वतःला फिरंगी लिहवून घेतलं असतं, आणि हुशार तोफवाला हवा असलेल्या सरदाराने ते चालवून घेतलं असतं. कागदावरचा फिरंगी खराही असेल, पांघरलेलाही असेल.

आग्रा कँट | मंगळवार, सकाळी ९:२५

बाड्यावरचा यांच्याशी सहमत. आणखी एक सांगतो. ‘फरासीस’ ही घरची आठवण कुठून आली असेल? महादजींनी १७८४ नंतर डी बॉइन या युरोपीय सेनानीकडून कवायती कंपू उभे करून घेतले. ते सगळे लोकांच्या तोंडी फ्रेंच कंपू झाले. पण आतली माणसं बघा. खुद्द डी बॉइन १७५१ साली शांबेरीला जन्मला. तेव्हा ते साव्हॉयमध्ये, सार्डिनियाच्या राजाच्या ताब्यात होतं. आज ते फ्रान्समध्ये आहे. त्याने फ्रान्सच्या आयरिश रेजिमेंटमध्ये नोकरी केली, मग रशियाकडे, मग मद्रासला इंग्रजांकडे, मग महादजींकडे. त्याला कुठला म्हणायचं? त्याच्यानंतरचा पेराँ फ्रेंच. तोफा ओतणारा सँगस्टर स्कॉटिश. हेसिंग उत्रेख्तचा डच, त्याची लाल दगडाची कबर आमच्या आग्र्याच्या कॅथलिक कब्रस्तानात आहे, लोक तिला लाल ताज म्हणतात. फिलोस घराणं नेपल्सचं, त्यातल्याच सर मायकेल फिलोस यांनी तुमचा जयविलास बांधला, १८७४ साली.

त्याच कब्रस्तानात समरू आहे, बेगम समरूचा नवरा. तो १७७८ मध्ये वारला. कुणी त्याला त्रीरचा म्हणतं, कुणी स्ट्रासबर्गचा, कुणी साल्झबर्गचा. एवढा गाजलेला माणूस, त्याचाही मुलूख नक्की होत नाही.

आर्मेनियनबद्दल. शिंद्यांच्या फौजेत आर्मेनियन होते, कर्नल जेकब तर ग्वाल्हेरलाच नांदले. पण आर्मेनियनांचे जुने दगड बहुधा त्यांच्या स्वतःच्या लिपीत असतात. तुमचा दगड रोमन लिपीत आहे. मामेभावांचा तर्क मला पटत नाही.

दगडमाती | मंगळवार, रात्री ८:१०

ताई, धागा आजच बघितला. दगडावरचं ‘एन-ए-टी-व्ही’ हे नेटिव्ह नाही!

लॅटिन लेखांत यू हे अक्षर व्हीसारखं कोरतात. तुमच्याकडे दिसतंय ते ‘नातु’, आणि पुढे एस असणार. नातुस. जन्मलेला. फ्रेंच दगड असता तर ‘नातिफ’ लिहिलं असतं, टीच्या पुढे उभा आय आला असता. पोर्तुगीज ‘नातुराल’ ही शक्यता उरते, पण त्यात यूला व्हीचं रूप देण्याचं कारण कमी. पहिल्या ओळीत काय आहे? ‘हिक याकेत’ असेल तर सगळा लेख लॅटिनच आहे.

शेवटचं डी-आय-ए-ई तर फारच बोलकं आहे. लॅटिनमध्ये असा शेवट म्हणजे षष्ठी, ‘अमक्या देशाचा’. आता असे शेवट कुणाकुणाचे होतात? साबाउदिए, म्हणजे साव्हॉयचा. होलांदिए, हॉलंडचा. पिकार्दिए, उत्तर फ्रान्सचा. लोंबार्दिए, मिलानकडचा. आणि इंदिए, हिंदुस्थानचा.

हे पाच डोळ्यांसमोर ठेवून परत एकदा दगड बघा. दिवसा नको. अंधार पडल्यावर जा आणि बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड पाडा, समोरून नव्हे. बोथट झालेल्या खाचाही सावली धरतात. खडू, पीठ, तारेचा ब्रश यांतलं काहीही लावू नका. वाळूचा दगड आहे, एका घासण्यात उरलंसुरलं जाईल. वरच्या ओळीतली धड अक्षरं मोजपट्टीने मोजा, मग तुटलेली जागा मोजा. किती अक्षरं गेलीत ते कळेल.

लष्करची लेक | मंगळवार, रात्री ९:००

हो! पहिल्या ओळीत तेच आहे, हिक याकेत. दुसरीत फक्त नाव. शेवटच्या ओळीत वय आणि साल. पाद्रीबाबांची परवानगी काढते आणि शनिवारी जाते.

छत्रीबाजार | मंगळवार, रात्री ९:१८

ताई, मोठी बॅटरी माझ्याकडे आहे. हरकत नसेल तर मीही येतो.

जीवशास्त्रवाली | बुधवार, दुपारी ३:३५

डीएनए चाचणीबद्दल कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच सांगते. मी हेच शिकवते.

मूळपुरुष मामांच्या सहा पिढ्या वर असेल तर त्याचा वाटा मामांमध्ये सरासरी एक चौसष्टांश, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. एवढ्याशा अंशावरून ‘इतके टक्के फ्रेंच’ असं जे रंगीत चक्र मिळतं त्यावर अजिबात विसंबू नका. त्या कंपन्या आजच्या लोकांच्या नमुन्यांशी तुलना करतात, आणि फ्रान्स, साव्हॉय, उत्तर इटली यांच्यात तर अशी रेघ आखताच येत नाही.

उपयोगाचं आहे ते वाय गुणसूत्र. ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं उतरतं. मामा थेट पुरुषाच्या ओळीतले असल्याने त्यांचीच चाचणी हवी. तुमची किंवा मावशीची करून चालणार नाही. पश्चिम युरोपात आर-१-बी हा गट फार आढळतो. आर्मेनियातही तो आढळतो, पण त्याची फांदी वेगळी, तेव्हा खोलवरची चाचणी केली तर मामेभावांच्या शंकेचा निकाल लागेल. पोर्तुगीज की फ्रेंच हे मात्र त्यातूनही कळणार नाही. आणि गट भारतीय निघाला, समजा एच किंवा एल, तर तुमचा फिरंगी हा गोव्याच्या मातीतलाच माणूस, धर्माने आणि पोशाखाने फिरंगी.

एक विनंती. मामांना हे सगळं आधी समजावून सांगा, काय निघू शकतं ते. या वयात माणसाच्या मनात घर करून बसलेली गोष्ट असते. त्यांची मनापासून तयारी असेल तरच नमुना द्या.

लष्करची लेक | बुधवार, रात्री १०:०५

तुमचं शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. मला रात्रंदिवस हीच काळजी लागलीय. शाळेत कुणी चिडवलं तर मामांना आजीने हेच शिकवलं होतं, सांग त्यांना, आम्ही फरासीस. ते त्यांनी आयुष्यभर छातीशी धरलं.

सयाजीगंज | बुधवार, रात्री १०:३०

ताई, तुमच्या मूळ आजीकडूनही शोधा. बारगिराची मुलगी म्हणजे तिच्या माहेरचे लोक त्र्यंबकेश्वरला किंवा पंढरपूरला गेले असतील. तीर्थोपाध्यांच्या वह्यांत माहेरच्या घराची नोंद गाव-आडनावासकट मिळते. लेकीने ख्रिस्ती माणसाशी लग्न केलं म्हणून बापाच्या घरच्या नोंदी थांबत नाहीत. तिचा मुलूख तर तुम्हाला नक्की लागेल, आणि तीही तुमची मूळ आहेच की.

लष्करची लेक | बुधवार, रात्री १०:४२

हे कधी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तिचं माहेरचं आडनाव मावशीला माहीत आहे. याच्या मागे नक्की लागते.

लष्करची लेक | शनिवार, रात्री ११:५०

आत्ताच परत आलो. छत्रीबाजार, भाचा आणि मी. मामाही आले. नको म्हणत होतो, पण त्यांनी स्वेटर-मफलर चढवून आधीच रिक्षा बोलावली होती. त्यांना खुर्चीवर बसवलं.

बॅटरी डाव्या बाजूने दगडाला लावली आणि दिवसा जिथे सपाट दिसतं तिथे अक्षर उठलं. व्हीच्या पुढे एस. नातुस. दगडमाती, तुम्ही अगदी बरोबर होतात.

मग माप घेतलं. वरच्या ओळीत एक अक्षर आणि त्यापुढची फट मिळून सरासरी २.६ सेंटिमीटर. एसपासून डीपर्यंतची मोकळी जागा साडेवीस सेंटिमीटर. म्हणजे शब्दांमधली फट धरून आठेक अक्षरांची जागा.

आणखी एक. एसनंतर एका अक्षराची फट सोडून, खाली डाव्या अंगाला, एक वळण उरलंय. नखाच्या चंद्रासारखं. आधी दगडाचाच ओरखडा वाटला. भाच्याने बॅटरी खालून धरली तेव्हा सावली गोल फिरली. ओरखडा असा गोल फिरत नाही. ते सीचं, जीचं किंवा ओचं पोट असणार. उभी दांडी नाही, हे तिघांनीही आळीपाळीने वाकून बघितलं.

शेवटच्या ओळीत वयाचं ६१ वं वर्ष आणि साल १८३१. फोटो टाकतेय, एकूण अकरा आहेत.

दगडमाती | रविवार, सकाळी ६:१५

पहाटेपासून फोटोंसमोर बसलोय. वळणाबद्दल तुमचं बरोबर आहे, पाचव्या आणि आठव्या फोटोत स्वच्छ दिसतं.

आता पाची नावं लावून बघू. होलांदिए आणि पिकार्दिए उभ्या दांडीने सुरू होतात. लोंबार्दिएही तसंच. तिन्ही गेली. साबाउदिएचा एस खाली डावीकडे असा बंद गोल देत नाही, शिवाय ते जागेला दोन अक्षरं अपुरं पडतं.

त्याहून मोठी गोष्ट व्याकरणाची. ‘नातुस’च्या पुढे नुसतं देशाचं नाव षष्ठीत येत नाही. आधी गाव हवं, मग देश. ‘अमक्या देशातल्या अमक्या गावी जन्मलेला.’ म्हणजे या आठ अक्षरांत फट, गाव, पुन्हा फट आणि देशाच्या नावाची सुरुवात एवढं सगळं बसायला हवं. देश साबाउदिए धरला तर त्याचीच पाच अक्षरं जातात, दोन फटी गेल्या की गावाला एकच अक्षर उरतं. देश इंदिए धरला तर आय-एन ही दोन अक्षरं, दोन फटी, आणि गावाला चार. पहिलं अक्षर गोल.

जी, ओ, ए, ई. गोए. गोव्यात.

नातुस गोए इंदिए. हिंदुस्थानातल्या गोव्यात जन्मलेला.

मोडीप्रेमी | रविवार, सकाळी ७:०२

आणि कागदावर फिरंगी, दक्षिणी कारकुनाच्या हातचं. दोन्ही पुरावे एकमेकांपासून सुटे आहेत आणि एकाच ठिकाणी येतात. दगडमाती, तुमच्या वाचनाला मनापासून दाद.

बाड्यावरचा | रविवार, सकाळी ८:४०

माझी शंका मी स्वतःच मागे घेतो. १८१३-१४ साली मुलूख लपवायला कारण होतं. १८३१ साली ते उरलं नव्हतं. नेपोलियनचा पाडाव होऊन सोळा वर्षं झाली होती, दौलतरावही १८२७ मध्ये वारले होते. थडग्यावर खोटा मुलूख कोरून कुणालाच काही मिळणार नव्हतं. फ्रेंच असता तर दगडाने ते सांगितलं असतं.

गोव्याहून ग्वाल्हेर लांब वाटतं, पण शिंद्यांच्या दरबाराशी गोव्याकडच्या लोकांचं नातं जुनं आहे. महादजींचे बक्षी जिवबादादा केरकर तिकडचेच शेणवी. त्यांच्या माणसांबरोबर एखादा तरणाबांड तोफवाला उत्तरेत आला असेल, यात मला काही अवघड दिसत नाही.

आग्रा कँट | रविवार, सकाळी ९:३०

थोडं थांबायला सांगेन. मधली अक्षरं आपण दगडावर वाचलेली नाहीत, जागेवरून आणि व्याकरणावरून बसवली आहेत. वाचन मला पटतं. पण कागदोपत्री दुजोरा हवाच. ग्वाल्हेरचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९९ चा, त्याआधी झाशी, आणि अगदी जुन्या काळी या भागाचं काम आग्र्याच्या मिशनकडून चालायचं. १८३१ च्या दफनाची नोंद असलीच तर आमच्या बाजूला असेल. लंडनमधल्या इंडिया ऑफिसच्या नोंदवह्यांत शोधण्यात आधी वेळ घालवू नका. त्या मुख्यतः कंपनीच्या प्रॉटेस्टंट पाद्र्यांच्या आहेत, दरबारी चाकरीतला कॅथलिक तिथे सापडणं कठीण. इथल्या नोंदींची चौकशी मी करतो.

पणजीकर | रविवार, सकाळी ११:१०

१८३१ ला ६१ वं वर्ष म्हणजे जन्म १७७० च्या आगेमागे. गोव्यातल्या पॅरिशच्या जुन्या बाप्तिस्मा वह्यांपैकी बऱ्याच इथल्या पुराभिलेखागारात आहेत. पोर्तुगीज मला वाचता येतं. ‘गोए’ म्हणजे शहरही असेल, नुसता मुलूखही असेल, तेव्हा बार्देश, तिसवाडी, सासष्टी तिन्ही बघावं लागेल. आईबापांची नावं मिळाली तर ते बाहेरून आलेले होते की इथले, तेही बहुधा कळेल, वह्यांत तसा उल्लेख असतो. वेळ लागेल, पण करतो.

जीवशास्त्रवाली | रविवार, दुपारी १२:००

ताई, मामांना सांगितलंत का?

लष्करची लेक | रविवार, रात्री ८:२०

सांगितलं. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांच्यापुढे बसून हा सगळा धागा पहिल्यापासून मोठ्याने वाचला. मधे एकदाही बोलले नाहीत. बरतर्फ झालेल्या फरासिसाची ओळ मात्र दोनदा वाचायला लावली.

मग म्हणाले, "म्हणजे तो गेला आणि आपला राहिला."

थोड्या वेळाने विचारलं, "काय म्हणाले ते दगडवाले, परत वाच." मी वाचलं. नातुस गोए इंदिए. त्यांनी ते स्वतः म्हणून बघितलं, आमच्या मिस्साच्या जुन्या लॅटिनच्या चालीवर, लहानपणी आल्तारापाशी वाढलेत ते. आणि म्हणाले, "आईला कुणी हे वाचून दाखवलं असतं तर तिने तेच सांगितलं असतं. तिला फक्त काहीतरी पक्कं सांगायचं होतं आम्हाला."

डीएनएचा नमुना द्यायला तयार आहेत, जीवशास्त्रवाली. काहीही निघू दे म्हणाले. पण आधी गाव हवंय त्यांना. "गोवा एवढा मोठा आहे, गाव कुठलं?" असं संध्याकाळपासून चार वेळा विचारून झालंय. मावशीला फोन करून तुझंच खरं म्हणून तेही त्यांनीच कळवलं.

पणजीकर, वर्षं १७६९ ते १७७१ धरा. पूर्ण नाव आणि दुसऱ्या ओळीचा फोटो तुम्हाला आणि आग्रा कँट यांना निरोपातून पाठवलाय. त्यात एक अक्षर दोन तऱ्हांनी वाचता येतं, दोन्ही तऱ्हा लिहिल्या आहेत.